तिला डोळे द्या : मुखवटेवाल्या नायकाची प्रेमकथा लिहिताना

रविवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या माडीवर कॉलेजची आठ-दहा मुलं आपापल्या गोष्टी घेऊन येतात. मी पेशानं मुद्रितशोधक, त्यामुळे मला आधी ऱ्हस्वदीर्घ दिसतं आणि मग गोष्ट. तरी गेल्या पावसाळ्यात एका गोष्टीपाशी लाल पेन थबकलं. नायक डोंबिवलीचा. रात्री हेल्मेट घालून गुंडांना लोळवतो. नायिका चार वर्षं रोज सकाळी फलाटावर इंडिकेटरखाली त्याची वाट बघते. हेल्मेटवाला तिला आगीतून बाहेर काढतो, तिच्याशी चांगलं पानभर बोलतो, आणि तिला आवाज ओळखू येत नाही! मी समासात लिहिलं, ‘बाई बहिरी आहे का?’

मुलगा हिरमुसला. त्याला जे तोंडी समजावलं, ते इथे लिहून ठेवतो.

गोष्टीची पहिली ओळ लिहायच्या आधी एका कागदावर चार नावं मांडा : नायक, ती, खलनायक, वाचक. कुणाला काय माहीत आहे आणि कधीपासून, हे प्रत्येकापुढे लिहा. स्पायडरमॅनच्या कॉमिक्सचा असा कागद करून बघा. पीटर पार्कर म्हणजेच स्पायडरमॅन, हे खलनायक ग्रीन गॉब्लिनला १९६६ मध्येच कळलेलं. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी, तिच्या वडिलांनीही ओळखलं होतं. १९७० च्या अंकात मरताना ते त्याला ‘पीटर’ म्हणून हाक मारतात आणि मुलीला सांभाळ म्हणतात. ग्वेन मात्र वडिलांच्या मृत्यूचा दोष स्पायडरमॅनला देते आणि रडायला पीटरचाच खांदा शोधते. मग जून १९७३ चा १२१ वा अंक. गॉब्लिन तिला पुलावर नेतो आणि ती मरते. ज्या शत्रूपासून गुपित राखायचं, त्याला सगळं ठाऊक होतं. जिचा जीव पणाला लागला, तिला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून ‘तुझ्याच सुरक्षिततेसाठी लपवलं’ हे वाक्य लिहायचंच असेल तर एकदाच लिहा, आणि त्याला तोडीस तोड उत्तर देणारं कुणीतरी जवळ उभं करा. आई असेल तर उत्तम.

मग ठरवा, तिनं कुणावर प्रेम करावं असं त्याला वाटतं? ॲक्शन कॉमिक्सच्या १९३८ च्या पहिल्याच अंकात क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन, लॉइस लेनला नाचायला घेऊन जातो. एक दांडगा मध्ये घुसतो. क्लार्क मुद्दाम शेपूट घालतो. लॉइस त्या दांडग्याला स्वतःच थप्पड मारते आणि क्लार्कला भित्रा म्हणून निघून जाते. थोड्याच पानांनंतर सुपरमॅन त्याच टोळक्याची मोटार डोक्यावर उचलतो. म्हणजे गडी स्वतःच स्वतःची सवत! युक्ती त्याहूनही जुनी आहे. १९१९ च्या कथेतला डॉन दिएगो, म्हणजे मुखवटा नसतानाचा झोरो, इतका आळशी, की प्रेयसीच्या खिडकीखाली गिटार वाजवायला नोकराला पाठवू म्हणतो. आणि आपण हसायचं कारण नाही. १८८२ पासून संगीत सौभद्रात अर्जुन यतीच्या वेषात सुभद्रेसमोर येतोय, प्रेक्षकांना सगळं ठाऊक आणि तिला काही नाही.

मुलं नेहमी साधं रूप खोटं आणि मुखवट्याचं रूप खरं करून टाकतात. तसं करू नका. साध्या माणसालाही असं काहीतरी द्या, जे त्या उडणाऱ्याला जमत नाही. निवांत बसून तिचं बोलणं ऐकणं, एवढंही पुरतं.

सबबींची एक वेगळी वही ठेवा. ‘अचानक काम निघालं’ असं मोघम नको. तिच्या बहिणीचं केळवण चुकलं, तिच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी हा गायब होता, असं लिहा. त्यातली एक चूक तिनं शेवटपर्यंत माफ करू नये.

आता मराठीत लिहिणाऱ्यांची खास अडचण. ती इंग्रजीत लिहिणाऱ्याला भेडसावत नाही, आणि तीच मला फार आवडते. मुखवट्यामागे बाई आहे की पुरुष, हेच लपवायचं असेल तर? मराठीत ‘मी आले’ म्हटलं की झाकली मूठ उघडली. ‘येतोय’, ‘येतेय’ तेच. ‘मी येत आहे’ चालेल, पण मग आग विझवायला आलेली व्यक्ती बातम्या वाचल्यासारखी बोलते. वाटा आहेत. ‘मी पाहिलं’, ‘मी ऐकलं’ यांत काही कळत नाही. ‘मला लागलंय’ यातही नाही. आणि भविष्यकाळ तर सोन्यासारखा : ‘मी येईन’, ‘मी थांबेन’ बाईही म्हणते आणि पुरुषही. एका मुलीनं तिच्या नायिकेला मुखवट्यात नेमकं असंच बोलायला लावलं. झालेलं सगळं ‘पाहिलं-केलं’मध्ये आणि पुढचं सगळं ‘येईन-थांबेन’मध्ये. मुखवटा चढला की ती सतत वचनंच देते! मुखवटा उतरला की वचनं संपतात. हे व्याकरणातून आलं, मुद्दाम ठरवून जमलं नसतं.

‘तुम्ही’ही लपायला चांगली जागा आहे. ‘तुम्ही आलात’ म्हणताना काही ठरवावं लागत नाही. पण ज्या क्षणी समोरचा ‘तू’वर येतो, त्या क्षणी त्याला ‘आलास’ किंवा ‘आलीस’ यांतलं एक निवडावंच लागतं. गुपित फुटण्याचा प्रसंग लिहायला याहून नेमकी जागा मला माहीत नाही. आणि नायक पुरुष आहे हे उघड असलं तरी ऑफिसात ‘अरे ए’ म्हणणारी मुलगी मुखवटेवाल्याला ‘तुम्ही’ म्हणत असते. एका रात्री तिच्या तोंडून ‘अरे’ निघालं की दोघंही गप्प.

ओळख पटते ती लकबीवरून. १९७८ च्या सुपरमॅन चित्रपटात लॉइस आतल्या खोलीत असताना क्लार्क झालेला क्रिस्टोफर रीव्ह चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज खाली आणतो, सांगायला तोंड उघडतो. आणि ती येताच पुन्हा पोक काढतो. चष्मा निमित्ताला. मुखवटा मणक्यात होता. १९९२ च्या बॅटमॅन रिटर्न्समध्ये वेषांतराच्या पार्टीत बॅटमॅन आणि कॅटवुमन हे दोघंच बिनमुखवट्याचे, आणि पूर्वी मुखवट्याआडून झालेल्या बोलण्यातलं एक वाक्य पुन्हा उच्चारलं जातं, तिथे त्यांना एकमेकांची ओळख पटते.

माझंच सांगतो. एका दिवाळी अंकात मी टोपणनावानं गोष्ट लिहिली होती, घरी बोललो नव्हतो. बायकोनं अंक चाळला आणि म्हणाली, ‘आमटीत गूळ विसरला म्हणून वरून साखर भुरभुरणारी बाई तुझ्या आईशिवाय दुसरी कोण?’

आणि तिला आधीपासूनच माहीत असेल तर? स्पायडरमॅनच्याच कॉमिक्समध्ये पीटरची मैत्रीण मेरी जेन वॉटसन १९८४ मध्ये त्याला सांगते, की तुझं गुपित मला कधीचं ठाऊक आहे. १९८९ च्या एका कथेत तर हे पीटरच्या काकांच्या, अंकल बेनच्या, मृत्यूच्या रात्रीपर्यंत मागे नेलं. शेजारच्या घरातून तिनं त्याला बाहेर पडताना पाहिलं होतं. या एका वळणानं जुने अंक वेगळे वाचावे लागतात. नाचणारी, खिदळणारी, कशातच न गुंतणारी ही पोरगी त्याच्या सबबी ऐकताना सगळं जाणून होती. हसणं हा तिचा मुखवटा. तो तिला फसवत होता आणि ती त्याला फसवू देत होती! अशा नायिकेचं मौन लिहायचं तर प्रत्येक सबबीपाशी तिला छोटीशी कृती द्या. चहा दुसऱ्यांदा गरम करणं, घड्याळ न बघणं.

गुपित फुटलं की गोष्ट संपवायची घाई नको. क्लार्कनं लॉइसला १९९१ मध्ये सांगितलं आणि कॉमिक्समधलं लग्न १९९६ मध्ये झालं. मधल्या काळात लिहिण्यासारखं पुष्कळ निघालं.

डोंबिवलीचा मुलगा तीन आठवड्यांनी परत आला. गोष्टीत नायिका अजून इंडिकेटरखालीच उभी होती, पण आता तिच्या पर्समध्ये कायम जखमेच्या पट्ट्या आणि मलमाची ट्यूब. तो मनगट लपवत येतो, ‘दारात अडकलं’ म्हणतो. ती पट्टी काढून देते आणि लोकल किती उशिरा आहे ते सांगते. दुसऱ्याच पानावर वाक्य होतं, ‘तिला माहित होतं.’ मी फक्त ‘हि’ दीर्घ केली.