विद्युतचुंबक चालतोय? आता त्याची ओढ मोजा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात विद्युतचुंबक हमखास असतो. बोल्टावर तार गुंडाळली, सेल जोडला, टाचण्या चिकटल्या. प्रयोग सुरू होतो तो यापुढे, ‘किती?’ असं विचारल्यावर. इंग्रज संशोधक विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये दाखवलेला विद्युतचुंबक सुमारे २०० ग्रॅमचा होता आणि जवळपास ४ किलो उचलत होता. दोनशे वर्षांनीही आपल्याला त्याची ताकद कळते, कारण ती मोजलेली आहे.

१. प्रश्न एकच ठेवा: वेढे वाढवले की ओढ कोणत्या प्रमाणात वाढते? वेढे दुप्पट केले तर ओढ किती होईल, हा अंदाज तार गुंडाळण्याआधीच वहीत लिहून ठेवा.

२. बाकी सगळं स्थिर ठेवा. बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. जास्त वेढ्यांसाठी जास्त लांब तार घेतली की रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) वाढतो, प्रवाह घटतो आणि एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात. म्हणून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून २८ गेजची इनॅमल चढवलेली तांब्याची तार १० मीटर आणा आणि ती प्रत्येक वेळी पूर्णच्या पूर्ण परिपथात ठेवा. न गुंडाळलेली तार मधोमध दुमडून बाजूला पसरा; दुमडीतल्या दोन्ही भागांत प्रवाह उलट दिशांनी वाहतो, त्यामुळे त्यांचा परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतो. एवढ्या तारेचा रोध सुमारे दीड ओहम असतो. दीड व्होल्टच्या एका मोठ्या सेलवर प्रवाह साधारण एक अँपिअरच्या आत राहतो. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने नीट खरवडा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला या प्रयोगात अजिबात हात लावायचा नाही.

३. टाचण्या मोजू नका, वजनकाटा वापरा. टाचण्या गुच्छाने चिकटतात आणि एखादी उगाच गळून पडते. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर लोखंडी नट पक्का चिकटवा. स्टेनलेस स्टीलचा नट नको. ८ मिलिमीटर जाडीचा, तार गुंडाळलेला बोल्ट लाकडी चौकटीत नटाच्या बरोबर वर घट्ट बसवा. मधली फट १ मिलिमीटर हवी. तेवढ्या जाडीचा पुठ्ठा सरकवून ती जुळवा आणि पुठ्ठा काढून घ्या. सेल आणि तार यांच्यामध्ये जोडलेलं बटण दाबलं की काट्यावरचं वजन घटतं. जितके ग्रॅम घटले, तितकी ओढ.

४. वाचनं घ्या. ३०० वेढ्यांपासून सुरुवात करून दर वेळी ५० सोडत १०० पर्यंत उतरा, मग त्याच टप्प्यांनी पुन्हा चढा. तार सोडताना-गुंडाळताना बोल्ट हलतो, म्हणून फट दर वेळी पुन्हा तपासा. प्रत्येक टप्प्यावर पाच वाचनं घ्या. बटण दहा सेकंदच दाबा आणि मध्ये एक मिनिट थांबा, नाहीतर तार तापते, सेलही उतरतो. प्रवाह मोजणारा मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत, एकसरीत (म्हणजे सगळा प्रवाह त्यातूनच जाईल असा) जोडा. प्रवाह दर वाचनासोबत लिहा. तो घसरू लागला की सेल बदला. उतरताना आणि चढतानाचे आकडे जुळले नाहीत, तर बोल्टात मागे राहिलेलं चुंबकत्व हे एक कारण असू शकतं. असे आकडे खोडू नका. तेही निष्कर्षात लिहायचे असतात.

५. आलेख काढा. आडव्या अक्षावर वेढे, उभ्यावर सरासरी ओढ. बहुतेक मुलांना सरळ रेषेची अपेक्षा असते. इथे रेषा वर वळताना दिसायला हवी. चुंबक नटालाही चुंबक बनवतो, म्हणून ओढ साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: दुप्पट वेढे, सुमारे चौपट ओढ. पडताळण्यासाठी दुसरा आलेख काढा आणि आडव्या अक्षावर वेढ्यांचा वर्ग घ्या. बिंदू रेषेजवळ आले, तर नियम हाती लागला.

६. प्रदर्शनात १७५ वेढ्यांची मांडणी तयार ठेवा. हा आकडा आधी मोजलेला नसावा. परीक्षक आले की आलेखावरून ओढ किती येईल ते त्यांच्यासमोर लिहा, मग बटण त्यांनाच दाबू द्या.