बबल टिप ॲनिमोन आक्रसतो, तोंड उघडं ठेवतो, जागा सोडतो: उपाय सापडला

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला ॲनिमोन (दगडाला पायाने चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव). लक्षणं: दुपारनंतर आक्रसणं, तोंड सैल, पाय दगडाची फट सोडून काचेवर. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट ५. लाइट कमी केला, कोळंबी भरवली, पाणी बदललं. ढिम्म. वैताग आला होता.

दोष क्षारतेत, म्हणजे पाण्याच्या खारटपणात निघाला. काट्याचा हायड्रोमीटर (पाण्याच्या विशिष्ट घनतेवरून खारटपणा सांगणारं साधन) १.०२५ दाखवत होता, खरी होती १.०२९. काट्यावर मिठाचा थर बसला की तो जड होऊन कमी आकडा दाखवतो. त्यात उन्हाळ्याचं बाष्पीभवन.

आधी रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा मोजणारं साधन) ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने कॅलिब्रेट केला (नुसत्या शुद्ध पाण्याने केलेल्यावर माझा भरवसा नाही). मग रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणी घातलं, दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त उतरू न देता, १.०२६ पर्यंत. त्यानंतर ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारं यंत्र) बसवला. एकदम बादलीभर पाणी ओतणं बंद. वेव्हमेकरला (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाला) स्पंजचं कव्हर तर पहिल्याच दिवशी घाला, भटका ॲनिमोन पात्यात गेला तर अख्खी टाकी नासते.

तोंड घट्ट मिटेपर्यंत खाऊ घालू नका, अर्धवट पचलेलं ओकून टाकतो. आता पाय फटीत रोवलाय, आठवड्याला नखाएवढा कोळंबीचा तुकडा पुरतो.