दम्याच्या जोडीला श्वसनाचा दुसरा आजार असेल तर काय करावे

खानापूरच्या पावसाळ्यात बळावणारा खोकला असो की निपाणीच्या तंबाखू वखारीत वर्षानुवर्षे काम केलेल्या बाईची धाप, आपल्या भागात दोन्हींना सरसकट दमाच म्हटले जाते. पंप नियमित व नीट घेऊनही त्रास उरत असेल, तर डोस वाढवून मागण्याआधी सोबत दुसरा आजार आहे का, याचा शोध घ्यावा.

सुरुवात नाकापासून करावी, कारण सकाळी सलग शिंका, नाक चोंदणे आणि घशात कफ उतरणे ही ॲलर्जीच्या सर्दीची लक्षणे असून ती आटोक्यात नसेल तर दमाही आटोक्यात राहणे अवघड जाते. डॉक्टरांनी नाकाचा फवारा दिला असल्यास मान किंचित खाली झुकवून डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा आणि नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूस ठेवावे. बहुतेक जण नेमके उलटे करतात. मग नाकातून रक्त येते आणि औषधच बंद पडते.

विडी ओढणाऱ्यांना, तसेच चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या स्त्रियांना दम्यासोबत सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असू शकतो. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून घ्यावी. औषध ओढल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा फुंकलेल्या एकूण हवेच्या 70 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर श्वासनलिकांतील अडथळा कायमचा असण्याची शक्यता असते. दोन्ही आजार असलेल्यांनी स्टेरॉइडचा पंप मनाने सोडू नये. दम्यात स्टेरॉइडविना केवळ दीर्घकाळ टिकणारे श्वासनलिका रुंदावणारे औषध घेणे धोक्याचे आहे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन किंवा थुंकीत रक्त असल्यास दम्यावर भार टाकून थांबू नये. सरकारी दवाखान्यात क्षयासाठी थुंकीची तपासणी मोफत होते. पूर्वी क्षय होऊन गेला असेल, तर तेही आवर्जून सांगावे, कारण त्याने फुप्फुसात राहिलेले व्रण रोज बेडके पाडू शकतात.

बेळगावात एक डॉक्टर आणि मिरजेत दुसरा, असे आपल्याकडे सर्रास चालते, आणि एकच औषध दोन नावांनी दोनदा घेतले जाते. म्हणून प्रत्येक भेटीला सगळे पंप, गोळ्या, डोळ्यांचे थेंबसुद्धा, एकाच पिशवीत न्यावेत. काचबिंदूचे काही थेंब दमा भडकवतात. वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर विनाविलंब 108 ला फोन करावा.