पथ्य पाळूनही बीपीचा आकडा हलत नाही? या चुका टाळा

‘जेवताना वरून मीठ घेत नाही, रोज सकाळी चालायला जातो, तरी बीपी १५० च्या खाली येईना.’ ही तक्रार करणारी माणसं सहसा आळशी नसतात. उलट बरीच मेहनत घेत असतात, फक्त ती भलत्याच जागी चाललेली असते. मीठ शोधतात मीठदाणीत आणि ते येत असतं पाकिटातून. बीपी मोजतात घाईत आणि त्या आकड्यावर विश्वास मात्र पूर्ण ठेवतात.

हा आकडा उतरवायचा तो मुख्यतः मेंदूसाठी. मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या काही रक्तवाहिन्या अगदी बारीक असतात आणि मोठ्या धमनीतून थेट निघालेल्या असतात. त्यामुळे मोठ्या धमनीतला दाब फारसा न ओसरता त्यांच्यावर जाऊन आदळतो. वर्षानुवर्षं हे चाललं की त्यांची भिंत जाड होत जाते आणि आतली वाट बुजते, किंवा भिंत कमकुवत होऊन एक दिवस फुटते. वाट बुजली तर मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, भिंत फुटली तर मेंदूत रक्तस्राव होतो. स्ट्रोकचे, म्हणजे मेंदूच्या झटक्याचे, हे दोन प्रकार अगदी वेगळे, पण दोन्हींमागे हाच दाब असू शकतो.

‘मला काही त्रास नाही’

बीपी वाढलं की डोकं दुखतं, गरगरतं, हा समज काही जाता जात नाही. बहुतेकांना काहीही होत नाही. डोकं दुखलं की मोजायचं आणि एरवी मशीन कपाटात ठेवायचं, असं करणाऱ्याला आपलं खरं बीपी कधीच कळत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी १९३७ मध्ये १६२/९८ होतं. तेव्हा त्याकडे आजार म्हणून कोणी पाहिलं नाही, औषधंही धड नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी ‘डोकं भयंकर दुखतंय’ म्हणत ते कोसळले. त्या वेळी मोजलेलं बीपी होतं ३००/१९० आणि कारण होतं मेंदूतला रक्तस्राव. आज औषधं आहेत, मशीन घरात आहे, आणि तरी १६२ ला ‘वयाप्रमाणे आहे’ म्हणणारे भेटतातच.

दुसरा गैरसमज ‘१४० पर्यंत काही नाही’ हा. २००२ साली सुमारे दहा लाख प्रौढांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. चाळीस ते एकोणसत्तर वयात वरचा आकडा २० ने वाढला की स्ट्रोकने मृत्यू होण्याचा धोका दुपटीहून जास्त होतो, आणि ही चढण ११५/७५ पासूनच सुरू होते, असं त्यात दिसलं. याची चांगली बाजू अशी की, थोडं उतरलं तरी फायदा होतो. वरचा आकडा १० ने खाली आणला तर स्ट्रोकचा धोका साधारण चौथ्या भागाने कमी होतो.

मोजणंच चुकतं

आहार, व्यायाम वगैरे नंतर. आधी तुमचा आकडा खरा आहे का, ते बघा. मी स्वतः कित्येक महिने शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधत होतो आणि मशीनला नावं ठेवत होतो.

बाहेरून आल्या आल्या मोजणं, चहा-कॉफी किंवा सिगारेटनंतर अर्ध्या तासाच्या आत मोजणं, लघवी तुंबलेली असताना मोजणं, पायावर पाय टाकून बसणं, पट्टा फुगत असताना बोलणं... यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा फुगतो. हाताचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही. २०२४ मधल्या एका प्रयोगात हात टेबलावर, मांडीवर आणि बाजूला लोंबकळत ठेवून तुलना केली गेली. मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने आणि लोंबकळत ठेवला तर ६ ते ७ ने जास्त आला. म्हणजे कोणाची गोळी वाढायची, ती नुसत्या हातापायी!

दंड जाड आणि पट्टा लहान असेल तरीही आकडा खोटा चढतो. नवीन मशीन घेताना दंडाचा घेर मोजून पट्टा निवडा. मनगटावरच्या मशीनपेक्षा दंडावरचं जास्त भरवशाचं.

योग्य रीत साधी आहे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला हवा, हात टेबलावर टेकलेला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री, असं सात दिवस करा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर ते वाढलेलंच समजतात. दवाखान्यातली १४० ची रेघ घरी चालत नाही. काहींचं बीपी दवाखान्यात चढतं आणि घरी ठीक असतं. उलटाही प्रकार असतो, दवाखान्यात छान आणि घरी वाढलेलं. हा दुसरा जास्त फसवा, कारण त्याला कोणी हटकत नाही.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाहून कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. यात सगळं आलं: स्वयंपाकात पडलेलं, पावातलं, चीजमधलं, सॉसमधलं, पाकिटबंद सूपमधलं. जगाची सरासरी याच्या दुपटीच्या आसपास आहे. वरून मीठ घेणं सोडलं हे चांगलंच, पण ज्याचं बरंचसं खाणं तयार आणि पाकिटातलं आहे, त्याच्या एकूण मिठात त्याने फारसा फरक पडत नाही.

खारट लागेल त्यातच मीठ असतं असं नाही. पाव खारट लागत नाही, पण रोज आणि भरपूर खाल्ला जातो, म्हणून त्यातून मीठ बरंच जातं. खायचा सोडा आणि चव वाढवणारं अजिनोमोटो यांतही सोडियम असतंच.

पाकिटावर ‘सोडियम’ लिहिलेलं असतं, ‘मीठ’ नाही. सोडियमला अडीचने गुणा की मीठ मिळतं. १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. आणि तो आकडा किती ग्रॅमसाठी दिलाय तेही बघा. अख्खं पाकीट आपण संपवतो आणि आकडा असतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा.

सैंधव किंवा गुलाबी मीठ बीपीला चालतं, हा सध्याचा लाडका गैरसमज. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. वर आयोडीन हुकतं ते वेगळं.

पोटॅशियम मिसळलेल्या मिठाची गोष्ट निराळी. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर अभ्यास झाला. आधी स्ट्रोक येऊन गेलेली किंवा साठीपुढची, बीपी असलेली ही माणसं होती. ज्यांच्या मिठातला एक चतुर्थांश भाग पोटॅशियम क्लोराइडचा होता, त्यांच्यात पाच वर्षांच्या आसपास स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी आले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आणि पथ्य म्हणजे नुसतं वगळणं, हीसुद्धा एक चूक. बीपी उतरवण्यासाठी आखलेल्या ‘डॅश’ आहाराच्या १९९७ मधल्या प्रयोगात मीठ कमी केलं नव्हतं, वजनही उतरू दिलं नव्हतं. फळं, भाज्या, कमी चरबीचं दूध-दही, अख्खी धान्यं, सुकामेवा एवढं ताटात वाढवलं आणि चरबी घटवली. बीपी असलेल्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ ने उतरला. एका गोळीचं काम ताटानं केलं. मीठही कमी केलं तर अजून उतरतं.

जीभ सुरुवातीला रुसते. काही आठवड्यांत कमी मिठाची सवय होते, मग जुनी चवच खारट लागते.

व्यायाम, वजन, झोप

आठवड्याला दीडशे मिनिटं थोडा दम लागेल असं भरभर चालणं पुरतं; रमतगमत फेरफटका यात धरू नका. वजन उचलताना श्वास रोखू नका, त्या क्षणी दाब उसळतो. अंगावरचं वजन घटवलं तर किलोमागे साधारण एका आकड्याने बीपी उतरतं. दारू बीपी वाढवते, ‘थोडी औषधासारखी’ हा बहाणा सोडा. सिगारेटबद्दल वेगळं काय सांगायचं?

जोरजोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार तपासून घ्या. तीन-तीन गोळ्यांनीही न उतरणाऱ्या बीपीमागे तो बरेचदा असतो.

गोळ्यांचे घोटाळे

आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करतात. अहो, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय! आहार-व्यायामाने डोस कमी होऊ शकतो, पण तो डॉक्टरांनी करायचा. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी आधीपेक्षा वर उसळतं.

दुसऱ्याच आजाराची औषधंही आकडा चढवतात: आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीत नाक मोकळं करणारी औषधं, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या, जास्त दिवस घेतलेला ज्येष्ठमध. पाण्यात फसफसणाऱ्या काही गोळ्यांत तर प्रत्येकी ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. डॉक्टरांकडे जाताना ही ‘किरकोळ’ औषधंही सोबत न्या.

एकदा आकडा चढलेला दिसला म्हणून घाबरून जादा गोळी घेऊ नका. पूर्वी अशा वेळी कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायची पद्धत होती. दाब एकदम कोसळून काहींना त्यातूनच स्ट्रोक आला, म्हणून ती मागे पडली. शांत बसा, थोड्या वेळाने पुन्हा मोजा. १८०/१२० च्या वरच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, धाप, दिसण्यात फरक किंवा खाली दिलेल्यापैकी एकही लक्षण असेल तर थेट रुग्णालय गाठा.

आणि झटका आलाच तर

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं: यातलं एक जरी अचानक दिसलं तरी रुग्णवाहिका बोलवा. ‘झोपू दे, सकाळी बघू’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते घड्याळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून चालू होतं. ती वेळ लिहून ठेवा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो. पाणी पाजू नका, घास भरवू नका. गिळण्याची ताकद गेलेली असली तर ते फुप्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिनही देऊ नका, कारण आतमध्ये गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही. बीपीची जादा गोळीही नको.

दहा मिनिटांत तोंड सरळ झालं, बोलणं सुधारलं, तरी जायचंच. असा ओझरता झटका येऊन गेल्यावर खऱ्या स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पुढच्या दोन दिवसांत.