मुलांना राष्ट्रपतिपदाची निवडणूक कशी समजावून सांगावी

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची बातमी लागली की घरातले एखादे चौकस मूल हमखास विचारते, "आई, तू मत द्यायला कधी जाणार?" आई जाणार नाही हे कळल्यावर त्याचा गोंधळ वाढतो, कारण विधानसभेच्या वेळी तिच्या डाव्या तर्जनीवरची शाई त्याने पाहिलेली असते. शिकवण्याची सुरुवात नेमकी या गोंधळापासून करावी. 'अप्रत्यक्ष निवडणूक' हे शब्द मुले परीक्षेपुरते पाठ करतात, पण आईचे मत नेमके कोणत्या वाटेने राष्ट्रपतींपर्यंत पोहोचते याचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. म्हणून व्याख्या शेवटी सांगावी आणि चिठ्ठ्या आधी हातात द्याव्यात.

पहिल्या दिवशी वर्गातील प्रत्येक रांगेला गुप्त चिठ्ठीने आपला एक प्रतिनिधी निवडू द्यावा. नंतर केवळ या प्रतिनिधींनी वर्गनायक निवडावा आणि बाकीच्यांनी गप्प बसून पाहावे. हे गप्प बसणे मुलांना जड जाते, आणि तीच विचारायची वेळ असते: "तुमचे मत वाया गेले का?" या प्रश्नावर चर्चा रंगली की सांगावे की, संविधानाच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे राष्ट्रपतींची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांतील निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या, तसेच दिल्ली व पुदुच्चेरी यांच्या विधानसभांतील निवडून आलेले सदस्य करतात. यातील 'निवडून आलेले' या शब्दांवर थोडे रेंगाळावे. राज्यसभेत राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेले १२ सदस्य असतात आणि त्यांना या निवडणुकीत मत नसते. ज्याने आपल्याला नेमले त्याच्याच पदासाठी आपण मत द्यावे का, असे विचारले की मुले स्वतःच उत्तर शोधतात. विधान परिषदेच्या आमदारांनाही मत नसते, एवढे सांगून पुढे जावे.

दुसरा दिवस पसंतिक्रमासाठी राखून ठेवावा, आणि घाई न करता त्याला पूर्ण तास द्यावा, कारण या निवडणुकीचे खरे मर्म तिथेच आहे. येथे मतदान यंत्र नसते, कागदाची मतपत्रिका असते, आणि मतदार उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे आकडे लिहितो. २०२२ मध्ये खासदारांच्या मतपत्रिका हिरव्या आणि आमदारांच्या गुलाबी होत्या, तर आकडे लिहिण्यासाठी निवडणूक आयोगाने जांभळ्या शाईचे खास पेन दिले होते. वर्गातही दोन रंगांचे कागद आणि एकच जांभळे पेन ठेवावे. असल्या तपशिलांनी मुलांना खेळाचे गांभीर्य पटते. पहिली पसंती लिहिली नाही, किंवा १ हा आकडा दोन नावांसमोर लिहिला, तर मत बाद होते. पसंती अक्षरांत लिहिलेली चालत नाही, आकड्यातच लिहावी लागते. दुसरी आणि पुढची पसंती मात्र ऐच्छिक असते. हे नियम फळ्यावर लिहून ठेवावेत आणि बाद मतपत्रिका कोणती हे मुलांनाच ठरवू द्यावे.

समजा, शनिवारी वर्गाने काय करावे यावर २५ मुले मत देत आहेत आणि नाटक, चित्रकला व क्रिकेट हे तीन पर्याय आहेत. पहिल्या पसंतीची मते नाटकाला ११, चित्रकलेला ८ आणि क्रिकेटला ६ पडली. वैध मतांची निम्मी करून, अपूर्णांक सोडून, त्यात १ मिळवला की विजयाचा कोटा मिळतो. म्हणजे येथे १३. कोणीही तिथवर पोहोचलेले नाही. मग सर्वांत मागे असलेला क्रिकेटचा पर्याय बाद करावा आणि त्या ६ मतपत्रिकांवरील दुसरी पसंती पाहून त्या वाटाव्यात. समजा, त्यांपैकी ५ चित्रकलेकडे आणि १ नाटकाकडे गेली, तर चित्रकला १३ आणि नाटक १२ असा निकाल लागतो. पहिल्या फेरीत पुढे असलेला पर्याय हरला म्हणून वर्गात आरडाओरडा होणारच. तो होऊ द्यावा, आणि मग विचारावे की क्रिकेट मिळणारच नाही असे कळल्यावर त्या सहा जणांना काहीच म्हणायचे नव्हते का.

हा केवळ वर्गातला खेळ नाही, हे दाखवण्यासाठी १९६९ ची निवडणूक सांगावी. त्या वेळी व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. कोटा ४,१८,१६९ चा असल्याने गिरींनाही दुसऱ्या पसंतीची वाट पाहावी लागली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. दोघांमधील सुमारे ८८ हजारांचे अंतर साडेचौदा हजारांवर कसे आले, हे मुलांना वजाबाकी करून शोधू द्यावे.

येथे एखादे हुशार मूल विचारेल की, खासदार-आमदार मिळून पाच हजारही नसताना मते लाखांत कशी? हा प्रश्न आला की मतमूल्याकडे, म्हणजे एका सदस्याचे एक मत किती मतांइतके मोजले जाते याकडे, वळावे. तो आला नाही तर चौथी-पाचवीच्या मुलांना हा भाग शिकवूच नये. सातवीपासून पुढे मात्र तो गणिताच्या तासालाही घेता येतो. राज्याच्या लोकसंख्येला निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १,००० ने भागायचे. लोकसंख्या आजची नव्हे, १९७१ च्या जनगणनेची धरली जाते. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८, म्हणून एका आमदाराचे मतमूल्य १७५. सिक्कीममध्ये लोकसंख्या २,०९,८४३ आणि आमदार ३२, उत्तर ६.५६ येते, म्हणून मतमूल्य ७. उत्तर प्रदेशात हेच मूल्य २०८ आहे. सिक्कीमवर अन्याय झाला, असे मुले पटकन म्हणतात. त्यांना एका आमदारामागे किती माणसे उभी आहेत ते मोजायला सांगावे आणि मग आपले मत पुन्हा विचारावे. जुनी जनगणना का, याचे कारणही सांगावे: ज्या राज्यांनी लोकसंख्यावाढ आटोक्यात ठेवली, त्यांचे वजन त्यामुळे घटू नये.

खासदाराचे मतमूल्य देशातील सर्व आमदारांच्या एकूण मतमूल्याला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागून काढतात. २०२२ मध्ये ५,४३,२३१ ला ७७६ ने भागून ते ७०० आले. त्यामुळे एका बाजूला संसद आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या विधानसभा, असा तराजू जवळजवळ समतोल राहतो. मुलांना हे भागाकारापेक्षा फळ्यावर तराजू काढून अधिक लवकर कळते.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. वर्गातील मतदानात खऱ्या पक्षांची नावे आणि चिन्हे आणू नयेत, आणि घरी कोण कोणाला मत देते हे मुलांना विचारू नये. मतपत्रिका लिहिताना शेजाऱ्याच्या कागदात डोकावणाऱ्याला लगेच थांबवावे, कारण गुप्त मतदानाचा अर्थ मुले व्याख्येतून नव्हे, हाताने झाकलेल्या कागदातून शिकतात. या निवडणुकीत खासदार-आमदारांवर पक्षादेश बंधनकारक नसतो, ही गोष्टही याच वेळी सांगता येईल.

घरी एकच मूल असेल तर रांगा आणि प्रतिनिधी सोडून द्यावेत आणि थेट निकालाचे आकडे समोर ठेवावेत. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मते मिळाली. मुलाने बेरीज करावी, निम्मी करावी, त्यात १ मिळवावा. कोटा ५,२८,४९१ येतो. त्या वर्षी दुसरी पसंती मोजण्याची वेळ का आली नाही, हे त्याने आता आपल्यालाच समजावून सांगावे. राष्ट्रपतींचा कार्यकाळ पाच वर्षांचा असल्याने असे नवे आकडे २०२७ मध्ये मिळतील; तोवर ही आकडेमोडीची वही सांभाळून ठेवावी.