गृहकर्जासोबतचा विमा : सहीपूर्वी आणि सहीनंतर काय करावे

पुण्याजवळ वाघोलीत किंवा हिंजवडीत सदनिका घेणाऱ्या कुटुंबापुढे कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यातच विम्याचा अर्ज ठेवला जातो आणि ‘हा घेतल्याशिवाय कर्ज सुटणार नाही’ असे तोंडी सांगितले जाते. कर्जदार दगावल्यास उरलेले कर्ज फेडणारा हा विमा उपयोगाचा आहे, यात शंका नाही. मात्र तो अमुक कंपनीकडूनच घ्यावा, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. गहाण ठेवलेल्या घराचा विमा ही वेगळी बाब आहे. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

सर्वप्रथम बँकेकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचे व्याज, शुल्क व मुख्य अटी एकत्र सांगणारे पत्रक, मागावे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी (गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांसाठी) ते बंधनकारक आहे आणि कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे आवश्यक असल्याने मराठीत मागण्यास संकोच करू नये. बँकेमार्फत वसूल होणारा विम्याचा प्रीमियम त्यात स्वतंत्र दाखवावा लागतो, तसेच वार्षिक टक्केवारी दरातही (व्याज व शुल्क मिळून कर्जाचा वर्षाचा एकूण खर्च दाखवणाऱ्या दरात) धरावा लागतो. त्यात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही.

मग हिशेब मांडावा, कारण खरी मेख येथेच आहे. समजा, १,२०,००० रुपयांचा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवला. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांत त्यापोटी दरमहा सुमारे १,०४१ रुपये, म्हणजे एकूण जवळपास २,५०,००० रुपये भरावे लागतात. तो प्रीमियम स्वतःच्या बचतीतून भरणे किंवा बाहेरून साधा मुदत विमा घेणे स्वस्त पडते का, हे सहीपूर्वीच पाहावे.

आरोग्याचे घोषणापत्र स्वतः वाचून भरावे. मधुमेह किंवा रक्तदाब असताना ‘नाही’ या चौकटीत दुसऱ्याने केलेली खूण पुढे मृत्युदावा नाकारण्याचे कारण ठरू शकते आणि त्याची झळ मागे राहिलेल्या माणसांना बसते.

सही झाल्यावर विमा प्रमाणपत्र मागून घ्यावे. संरक्षणाची रक्कम कर्जासोबत घटत जाते की कायम राहते, मुदत कर्जाइतकीच आहे का आणि नॉमिनी कोण, हे तपासावे. विमा नको वाटल्यास कागदपत्रे मिळाल्यापासून ३० दिवसांच्या ‘फ्री लूक’ कालावधीत लेखी अर्ज करून तो रद्द करता येतो. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणीचा खर्च व मुद्रांक शुल्क वजा होऊन उरलेली रक्कम परत मिळते. ती कर्जखात्यात जमा झाल्यास मासिक हप्ता कमी झाला का, हेही पाहावे. कर्ज मुदतीआधी फेडल्यास उरलेल्या काळाच्या परताव्याची चौकशी विमा कंपनीकडे करावी.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यावी आणि पोच जपून ठेवावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक वाटल्यास पुण्यात नारायण पेठेतील न. चिं. केळकर रस्त्यावरील विमा लोकपालांच्या (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात ५० लाख रुपयांपर्यंतच्या वादासाठी दाद मागता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. बँकेने केलेल्या सक्तीची तक्रार मात्र आधी बँकेकडे आणि नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे करावी.