अपोलोचं नॉर गेट सुट्या भागांतून: ‘१’ आला फक्त १ व्होल्ट

अपोलोच्या मार्गदर्शक संगणकाच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे २८०० चिप होत्या, प्रत्येकीत तीन-इनपुटांची दोन नॉर गेटं (सगळी इनपुटं ‘०’ असली तरच ‘१’ देणारी). तसंच एक गेट सुट्या भागांतून बनतं: तीन बीसी५४७ ट्रान्झिस्टर, तिन्ही कलेक्टर एकत्र, त्यावर ३.३ किलोओहमचा रेझिस्टर थेट ४ व्होल्टला (मूळ लॉजिकलाही ४ व्होल्टच होते), प्रत्येक बेसला १.५ किलोओहम, एमिटर ग्राउंडला. चपटी बाजू समोर धरली की पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

आउटपुट मोकळं असताना मीटर ४ व्होल्ट दाखवतो. पुढे एक गेट जोडलं की १.७, पाच जोडली की जेमतेम १. इथे मी उगाच ट्रान्झिस्टर बदलत बसलो. बिघाड नव्हताच, पुढच्या बेसमध्ये जाणारा सगळा करंट त्या ३.३ किलोओहममधूनच येतो, म्हणून व्होल्टेज बसतं.

खरा घोळ बेसच्या रेझिस्टरचा. भंगारातले कमी गेनचे (करंट कमी वाढवणारे) ट्रान्झिस्टर वापरून तिथे १०० ओहम लावले, तर ज्याचा बेस आधी उघडतो तोच करंट गिळतो आणि शेजारी अर्धवट चालू राहतो. १.५ किलोओहम लावल्यावर वाटणी सरळ झाली. तरी एका आउटपुटवर पाचाहून जास्त गेटं नकोत.

दोन गेटांचं फ्लिपफ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट) हात जवळ नेताच पलटत होतं. वापरात नसलेली इनपुटं ग्राउंडला बांधली, दर चार गेटांमागे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला, ग्राउंडची तार जाड केली, थांबलं. क्लॉक (सर्किटची चाल ठरवणारा ठोका) आधी १० किलोहर्ट्झवरच ठेवा.